दोन फुगे आणि सोमकुवर काका

थर्मामीटर फुटला की सोमकुवर काकांना आनंद व्हायचा. सौंसरच्या आमच्या शाळेत ते विज्ञानाच्या प्रयोगशाळेचे अटेंडंट होते. म्हणजे फुटलेल्या वस्तूचा जबाब त्यांनीच द्यायचा, सरांची बोलणीही त्यांनीच खायची. तरी काच फुटल्याचा आवाज आला की हा माणूस हातातलं काम टाकून मिशीतल्या मिशीत हसत यायचा आणि टेबलापाशी वाकून पाहत राहायचा.

अकरावीत पहिल्याच आठवड्यात मी थर्मामीटर फोडला. पारा टेबलभर पसरला आणि मी रडायला लागले. काका आले, माझ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही.

"हात लावू नोको, इख हाय थे, जहर. खिडक्या उघडा रे दोघंजण," ते म्हणाले, आणि मग मला, "आता रडतं कायले? फुटलं थे फुटलं. पाह्य न, किती गोल हाय."

खरंच गोल होतं. मोठे थेंब जरा दबलेले, पण राईएवढे अगदी गोल. काकांनी दोन पोस्टकार्डांच्या कडांनी ते ढकलत एकत्र आणले. दोन थेंब टेकले की झटकन एक व्हायचे, आणि काका प्रत्येक वेळी "हां" म्हणायचे, जणू पहिल्यांदाच पाहतायत. सगळा पारा पाण्याच्या बाटलीत बंद केल्यावर त्यांनी विचारलं, "कोणं केलं त्याले गोल?"

"आपोआप झालं."

"आपोआप काहीच होत नाही पोरी. कारण असते. सुट्टी झाल्यावर ये."

आमचं गाव राज्याच्या सीमेपलीकडचं, घरी मराठी बोललं तरी शाळेचं पुस्तक हिंदीतलं. त्यात 'पृष्ठ तनाव', म्हणजे पृष्ठताण, असा धडा होता आणि सर तो खाली मान घालून वाचून दाखवत. सरांच्या बदल्या होत. कोणी छिंदवाड्याचे, कोणी आणखी दूरचे, आल्या दिवसापासून जायच्या तयारीत. काका मात्र जागचे हलले नाहीत. त्यामुळे आमच्या तीन-चार पिढ्यांना खरं विज्ञान बारावीत हिंदीच्या पेपरात नापास झालेल्या या माणसाने शिकवलं, तेही सुट्टी झाल्यावर, शाळेची किल्ली कमरेला लटकवून.

"हिवायात बकऱ्या पाह्यल्या का?" काकांनी मला विचारलं. "कशा एकमेकीत घुसते? मधातलीले चारी आंगानं ऊब. काठावरचीले एका आंगानं वारा. मंग काठावर कोणाले राहाचं असते? कोणालेच नाही. म्हून सगळ्या मियून काठ कमी करते. अन् सगळ्यात कमी काठ कोणाले? गोलाले. पाऱ्याचं तसंच, पाण्याचं तसंच. काठावर राहाले जोर लागते पोरी."

शेवटचं वाक्य ते जरा थांबून बोलले. काकांचं मूळ घर मोहगावकडचं. आईबाप दुसऱ्याच्या कापसात मजुरीला जायचे आणि त्यांची वस्ती गावाच्या अगदी कडेला होती. हे मला पुष्कळ नंतर कळलं. एकदा हसत हसत म्हणाले होते, "थो धडा मले कोणी शिकवला नाही. मी तिथंच राहत होतो."

दरवर्षी विज्ञान दिनाला ते तेलाचा गोळा करायचे. काचेच्या बरणीत पाणी आणि स्पिरिट असं काही बेताने मिसळायचे, की वाटीभर तेल त्यात ना तरंगे ना बुडे. ते बरणीच्या मधोमध लटकून राही. पिवळा, संत्र्याएवढा, घडवल्यासारखा गोल. खालच्या वर्गातली पोरं तोंड उघडं टाकून पाहत. एका पोराने विचारलं, काका, संत्रंपण याच्यामुळेच गोल असते का? काका म्हणाले, "मले दोन दिवस दे." दोन दिवसांनी त्या पोराला वर्गात शोधून सांगून आले, "नाही. संत्रं झाडानं वाढवलं, आतून भरलं. थे येगळं. गोल दिसलं का ठोकून द्याचं नाही." आमच्याकडच्या एकाही सराने 'मला दोन दिवस दे' असं म्हटल्याचं मला आठवत नाही.

पण त्यांचा खरा जीव होता तो दोन फुग्यांच्या प्रयोगात. एक काचेची नळी, तिच्या मधे तोटी. तोटी बंद ठेवून ते एका टोकाला साबणाचा मोठा फुगा फुगवत, दुसऱ्या टोकाला लहान. मग विचारत, "आता मी तोटी उघडतो. काय होईन?"

अख्खा वर्ग एका सुरात सांगे, मोठ्यातली हवा लहानात जाईल, दोन्ही सारखे होतील. मीही तसंच म्हटलं होतं. माणसाला न्याय आवडतो.

"पक्कं? हात वर करा. सगळ्याइचे हात पाह्यजे." आणि मग त्यांचं ते ठरलेलं वाक्य, जे शाळा सोडून वीस-वीस वर्षं झालेली माणसंही अजून बोलतात, "पाह्यल्याशिवाय मानाचं नाही. माह्यंबी नाही."

ते तोटी उघडत. आणि लहान फुगा लहान लहान होत जाई, नळीच्या तोंडाशी चपटा होऊन संपून जाई. त्याची हवा मोठ्यात. मोठा आणखी मोठा. वर्गातून दरवेळी एक 'अरेरे' निघायचाच.

"लहान फुगा जितका लहान, तितकं त्याचं कातडं जोरानं आवयते," काका सांगत. "आतली हवा बाहीर काढते. लहानाले टिकून राहाले लय जोर लागते."

कोणीतरी विचारायचंच, मग लहानाला वाचवायचं कसं? काका ताटलीत पाणी घेत, वर चिमूटभर हळद पसरत आणि साबणाचं बोट मधोमध टेकवत. हळद झर्रकन काठाला पळे. "पाण्याची पकड ढिली केली साबणानं. पकड ढिली झाली का आवयणं कमी. एवढाच उपाय हाय."

काकांची बायको लवकर गेली. एकुलती एक मुलगी, प्रज्ञा. तिला त्यांनी एकट्याने वाढवलं. तिच्या शाळेच्या वेण्या तेच घालायचे आणि दोन्ही वेण्या कधी सारख्या नसायच्या. मी तिच्याहून आठ वर्षांनी मोठी. मी नर्सिंग केलं, इथल्याच एका दवाखान्यात लागले. त्याचं नाव लिहिण्याची गरज नाही. नवजात बाळांच्या खोलीत माझी नेमणूक झाली तेव्हा काका पेढे घेऊन आले नाहीत, प्रश्न घेऊन आले, "काचेच्या पेटीत ऊब कशी धरते थे दाखव बरं." मी दाखवलं. माझी जीभ तिखट आहे असं वॉर्डात सगळे म्हणतात, पण काकांपुढे मी कायम अकरावीतली.

प्रज्ञा पांढुर्ण्याला दिली. सासरची माणसं चांगली. तिला दिवस गेले तेव्हा रिटायर झालेले काका पुन्हा शाळेत असल्यासारखे झाले. महिन्याच्या महिन्याला मला फोन, आता बाळाचे डोळे झाले का, आता ऐकू येते का. सातव्या महिन्याचा कार्यक्रम पांढुर्ण्यालाच करायचा आणि मग लेकीला बाळंतपणाला सौंसरला आणायचं असं ठरलं होतं. आमच्याकडची रीतच ती.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सकाळी पांढुर्ण्याहून काकांचा फोन आला.

"संध्या, प्रज्ञाची कंबर दुखून राहिली म्हणते. जरासं पाणीबी गेलं म्हणते. काय करू?"

मी ड्युटीवर होते. हातात एक बाळ होतं, दुसरं रडत होतं. मी म्हटलं, "काका, आजच आणा. वाट नका पाहू. मी डॉक्टरीणबाईंना सांगून ठेवते."

"उद्या कार्यक्रम हाय न वं. मांडव टाकला, सगळ्याइले सांगून झालं. विहीणबाई म्हणते घाबराचं काम नाही, सातव्यातलं लेकरू वाचते. आठव्यातल्याची भीती असते म्हणते."

हा समज आमच्या भागात घरोघरी आहे. सातव्या महिन्यात झालेलं बाळ वाचतं, आठव्यातलं वाचत नाही. शिकलेल्या घरांतही बायका असं ठामपणे सांगतात की ऐकणाऱ्याला शंका घ्यायची लाज वाटावी. मी पुन्हा म्हटलं, "काका, आणा हो आजच," आणि हातातलं बाळ निळं पडायला लागलं म्हणून फोन ठेवला.

का, ते मी सांगितलं नाही. त्या एका गोष्टीसाठी मी स्वतःला आजही माफ केलेलं नाही. आईला एक इंजेक्शन देतात, त्याने पोटातल्या बाळाची फुप्फुसं लवकर तयार होतात. पण त्याला वेळ लागतो, एक दिवस तरी, खरं तर दोन. हे सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. ज्या माणसाने आयुष्यात 'का' विचारल्याशिवाय काही मानलं नाही, त्याला मी नुसतं 'आणा' म्हटलं. आणि तोही, आयुष्यात पहिल्यांदाच बहुतेक, न पाहता कोणाचं तरी मानून बसला.

कार्यक्रम झाला. त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी प्रज्ञाला आणलं ती कळा देतच. तासाभरात मुलगी झाली. माझ्या ओंजळीत मावेल एवढी. रडली, आणि मग कण्हायला लागली. प्रत्येक श्वासाला तिच्या फासळ्या आत जात होत्या. त्या कण्हण्याचा अर्थ मला माहीत होता. लागणारं औषध आमच्याकडे नव्हतं. असल्या लहान जागी ते नसतंच. नागपूरला न्यायला हवं होतं. ॲम्ब्युलन्स यायला दुपार झाली.

गाडीत मी, बाळ आणि काका. प्रज्ञाला वॉर्डातच राहावं लागलं. जावई पांढुर्ण्याहून परस्पर नागपूरला निघाले होते. मी बाळाच्या तोंडावर मास्क धरून हवेची छोटी पिशवी दाबत होते. काका समोर बसून बाळाच्या छातीकडे पाहत होते. लोधीखेडा गाव मागे पडलं.

"श्वास कायले घेता नाही येऊन राहिला तिले?" मग त्यांनी विचारलं.

मला खोटं सांगता आलं असतं. देव ठरवेल वगैरे, जे आम्ही सगळ्यांना सांगतो. पण समोर काका होते.

"फुप्फुसात लहान लहान फुगे असतात काका. आतून ओले. दिवस भरत आले की शरीर त्या ओलाव्यात साबणासारखं काहीतरी तयार करतं. हिचं अजून झालं नव्हतं."

काकांनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या तोंडावर जे झालं ते मला आठवायचं नाही, पण आठवतं. त्यांना पुढचं काही सांगावं लागलं नाही.

"म्हणजे लहान फुगा आवयते."

"हो."

"चपटा होऊन जाते."

"हो काका."

"मंग दर खेपेले पुन्हा उघडाले लागते. जोर लावून."

"दर श्वासाला."

"दर श्वासाले," ते म्हणाले. आणि मग, अगदी हळू, "हे तं मीच शिकवत होतो बापा."

एवढं कळून काय उपयोग होता? ज्याला कळत नाही तो निदान हात जोडतो, नवस बोलतो. आमच्या गाड्यांत बसलेली माणसं जामसावळीच्या मारुतीला हाक मारतात. काकांना तीही सोय नव्हती. त्यांना आतलं सगळं दिसत होतं. ते नुसते पाहत होते आणि हात मांडीवर होते.

"साबण कुठं भेटते?" त्यांनी विचारलं.

"नागपूरला आहे. नळीतून आत टाकतात."

ते पुढे वाकून ड्रायव्हरला म्हणाले, "भाऊ, जरा हाकल न." ड्रायव्हर आधीच हाकलत होता. मग मागे टेकून, मी न विचारताच सांगायला लागले. "परवाच्या दिवशी मी आचाऱ्यापाशी उभा होतो. बुंदी पाडून राहिला होता थो. झाऱ्यातून थेंब पडला का कढईत जाईपर्यंत गोल होते, थे पाहत होतो. पीठ घट्ट झालं का शेपूट येते, त्याले सांगून राहिलो होतो मी. प्रज्ञा आतमंदी खुर्चीवर बसली होती, कंबर धरून. अन् मी बुंदी पाहत होतो."

मी पिशवी दाबत राहिले.

नागपूरला औषध मिळालं आणि मी रात्रीच गाडीबरोबर परतले. दुसऱ्या दिवशी सकाळी काकांचा फोन आला, आवाज लहान पोरासारखा, "संध्या, गुलाबी झाली! उघडले न वं फुगे, उघडले!" मी वॉर्डात सगळ्यांना सांगत सुटले. प्रज्ञाला तर मिठीच मारली. तिसऱ्या दिवशी दुपारी जावयांचा फोन आला, बाळ गेल्याचा. डॉक्टरांनी दोन-तीन कारणं सांगितली होती, ती त्यांना नीट सांगता येत नव्हती. मला जे समजलं ते एवढंच की औषध मिळेपर्यंत तिने एकटीने फार जोर लावला होता आणि ती थकून गेली होती.

घरी भेटायला येणाऱ्या बायका नशिबावर बोलत. काका प्रत्येकीला म्हणत, "नशीब नाही थे. कारण हाय त्याले." विहीणबाई येऊन रडल्या. त्यांना काकांनी एका शब्दाने दुखावलं नाही, उलट स्वतः चहा करून दिला. दोघं बापलेक एका खोलीत समोरासमोर बसून राहायची.

पुढे प्रज्ञाला मुलगा झाला, पुऱ्या दिवसांचा, ढोल्या गालांचा. काका त्याला घेऊन आमच्या वॉर्डाच्या दारापर्यंत यायचे, आत यायचे नाहीत. शाळेने विज्ञान दिनाला बोलावलं की जायचे. तेलाचा गोळा करायचे, हळद पळवून दाखवायचे. दोन फुग्यांचा प्रयोग त्यांनी पुन्हा केला नाही. मागच्या हिवाळ्यात ते गेले, सकाळी अंगणात उन्हाला बसल्या बसल्या. शाळेतली तीस-चाळीस जुनी पोरं आली होती, काही नागपूरहून, काही त्याहून लांबून. अंगणात उभ्या उभ्या जो तो पाऱ्याचंच बोलत होता. आता फोनवर कोणाही पोटुशीला मी 'आजच या' म्हणते, तेव्हा हातात कितीही बाळं असोत, अर्धं मिनिट थांबून का ते सांगते. लोक म्हणतात, सिस्टर फार बोलतात.

एक गोष्ट मात्र मी कोणालाच सांगितलेली नाही.

बाळ जाऊन महिना-दीड महिना झाला असेल. दुपारी वॉर्डात गर्दी नव्हती. काका आले, बाकावर बसले. कापडी पिशवीतून त्यांनी ती काचेची नळी काढली, वर्तमानपत्रात गुंडाळलेली. रिटायर होताना शाळेनेच ती त्यांना दिली होती.

"हे शाळेत देऊन दे," ते म्हणाले. "माह्याकडं राहून कामाची नाही."

मी घेतली. ते उठले नाहीत.

"एक विचाराचं हाय, संध्या. तू फोनवर म्हणली होती, आजच आणा. त्याच दिवशी आणलं असतं, तं?"

त्यांनी उत्तर आधीच काढलं होतं, असं मला वाटतं. त्या इंजेक्शनचं त्यांना कुठूनही कळलं असतं. असल्या माणसाला कारण नाकारणं म्हणजे काय, हे मला ठाऊक होतं. आणि अर्धं मिनिट न बोलणारी मीच होते, हेही ठाऊक होतं. मी त्यांना वाचवत होते की मला, हे आजही नक्की सांगता येत नाही.

"काही फरक पडला नसता, काका," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. तोटी उघडण्याआधी हात वर केलेल्या पोरांकडे पाहायचे तसं. मी नळी घट्ट धरून वाट पाहत होते, आता ते म्हणतील, दाखव.

"बरं," काका म्हणाले. रिकामी पिशवी घडी करून त्यांनी खिशात घातली आणि भिंतीला हात लावत पायऱ्या उतरून गेले.